भाला धरणाऱ्या हातालाच राखणीचे काम

गेल्या रब्बीत ज्वारीच्या पीक कापणी प्रयोगासाठी तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. प्लॉट मोजून झाला तेवढ्यात पोलीस पाटील आले. म्हणाले, "साहेब, मळ्यातल्या वस्तीवर रात्री बिबट्यानं दोन शेळ्या मारल्यात. वनरक्षक आलेत, पंचनामा चाललाय. तुम्हीपण चला."

गेलो. एक शेळी गोठ्यातच पडलेली, दुसरी उसाच्या कडेला ओढत नेलेली. मानेवर दातांच्या खुणा होत्या. ओल्या सरीत पाऊल उमटले होते, त्याचे माप घेतले, मोबाईलवर फोटो काढले, पंचांच्या सह्या झाल्या. सगळे रीतसर झाले. मंडळी पांगली तसे शेळीवाले तात्या मला बाजूला घेऊन गेले आणि हळूच विचारले, "साहेब, उसाच्या सरीत टाकतो ते दाणेदार औषध, एका शेळीला किती पुरंल?"

मला आधी उमगलेच नाही. "शेळीला कशाला तात्या?"

"मेलेल्या," ते म्हणाले, आणि उसाकडे बघत राहिले.

औषधाची मात्रा सांगणे हे माझे कामच आहे. एकरी किती, कधी टाकायचे, हातमोजे घालायचे, हे मी रोज सांगतो. ही मात्रा मात्र सांगण्यासारखी नव्हती. मी कायदा सांगितला, तुरुंग सांगितला. त्या शेळीला तोंड लावणारे कुत्रे, कोल्हे, घारी सगळे मरतील, हेही सांगितले. तात्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "समदं खरं हाय तुमचं. भरपाईबी मिळंल. पण आज रात्री हितं झोपायला कोण येतंय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझ्या खात्याजवळ नाही आणि वनखात्याजवळही नाही. पुढे वाचनात एक हकीकत आली. हाच प्रश्न दूर आफ्रिकेतल्या गुराख्यांपुढे होता, प्राणी बिबट्याहून मोठा, म्हणजे सिंह होता, आणि तेथे या प्रश्नाला एक उत्तर शोधले गेले. ते उत्तर आपल्या शेतकरी बंधूंनी, सरपंच-ग्रामसेवकांनी आणि वनखात्याच्या मंडळींनी समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मसाई, गुरे आणि सिंह

केनिया हा पूर्व आफ्रिकेतला देश. त्याच्या दक्षिण टोकाला, टांझानियाच्या सरहद्दीलगत, किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी अंबोसेली नावाचा टापू आहे. पाऊस आपल्या माणदेशापेक्षाही कमी. येथे राष्ट्रीय उद्यान आहे, पण ते अवघे ३९२ चौरस किलोमीटरचे. हत्ती, सिंह, रानगवे एवढ्यात मावत नाहीत. वर्षातला बराच काळ ते बाहेरच्या रानात असतात, आणि बाहेरचे रान मसाई लोकांचे आहे. त्यातले म्बिरिकानी हे एकच सामाईक कुरण तीन लाख एकरांच्या वर आहे. कुरण सामाईक, गुरे ज्याची त्याची, अशी तेथली रीत.

मसाई माणसाची श्रीमंती गुरांवर मोजतात. दूध हे रोजचे अन्न, गाय हाच लग्नातला देणे-घेणे व्यवहार, गाय हीच बँक. रात्री गुरे काटेरी फांद्यांच्या गोल कुंपणात कोंडतात, त्याला बोमा म्हणतात. आपल्याकडे धनगर मेंढरांचा वाडा लावतात, तसाच प्रकार. दिवसा गुरे वळायला बहुधा लहान पोरे असतात.

मसाईंमध्ये मुलगा वयात आला की 'मोरान' होतो. मोरान म्हणजे भालाईत तरुण. गुरांचे आणि वस्तीचे रक्षण करणे हे त्याचे काम. सिंहाला भाल्याने मारणे ही या वयातली सर्वांत मोठी मर्दुमकी. ज्याने सिंह मारला त्याला नवे नाव मिळायचे, त्याची गाणी व्हायची, पोरी त्याच्याकडे वळून बघायच्या. आयाळीचा टोप करून तो मिरवायचा. या शिकारीला ते 'ओलामायो' म्हणतात.

म्हणजे सिंह मारण्याची कारणे दोन. एक, गाय मारली म्हणून सूड. दुसरे, नाव कमावण्यासाठी. दोन्ही कारणे सरकारी कागदाने मिटणारी नव्हती. केनियात १९७७ साली शिकारीवर बंदी आली, पण रानात भाले चालतच राहिले.

त्यात विषाची भर पडली. आपण उसाला, भाताला, केळीला वर्षानुवर्षे वापरत आलो ते कार्बोफ्युरान तेथेही दुकानात मिळत होते. भाल्याने सिंह मारायला दहा जण लागतात, छाती लागते. दाणेदार औषध एक मूठ पुरते, आणि टाकणारा घरी जाऊन झोपू शकतो. मेलेल्या गाईवर औषध टाकले की सिंहाबरोबर तरस, कोल्हे आणि गिधाडेही मरत. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर हा प्रकार दाखवला गेला, तेव्हा कोठे २००९ मध्ये उत्पादक कंपनीने केनियातला आपला माल परत विकत घ्यायला सुरुवात केली. तात्यांनी मला जे विचारले ते तेथे अनेकांनी आधीच करून पाहिले होते.

परिणाम काय झाला? २००९ मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्यानेच जाहीर केले की, देशात सुमारे दोन हजार सिंह उरले असून दरवर्षी शंभराच्या आसपास कमी होत आहेत. असेच चालले तर वीस वर्षांत सिंह संपतील, असा तो इशारा होता.

भरपाई आली, तरी भाला थांबला नाही

म्बिरिकानीमध्ये २००३ पासून भरपाईची योजना सुरू झाली. सिंहाने, तरसाने किंवा बिबट्याने जनावर मारले तर मालकाला पैसे. पैसा देणगीदारांचा होता. नियमही बरे होते. ज्याने गुरे नीट राखली नाहीत, बोमा मोडका ठेवला, त्याला कमी पैसे. त्या भागात कोणी सिंह मारला तर भरपाई रोखली जाई. याचा फायदा झाला, सिंह मारण्याचे प्रमाण बरेच खाली आले. भरपाई निरुपयोगी असते असे माझे म्हणणे नाही. ज्याची गाय गेली त्याला पैसे मिळालेच पाहिजेत, आणि वेळेवर मिळाले पाहिजेत.

पण एक गोष्ट राहून गेली होती. भरपाई मिळायची ती गुरांच्या मालकाला, म्हणजे घरातल्या कर्त्या बापाला. भाला होता पोराच्या हातात. पोराला भरपाईतून काही मिळत नव्हते. त्याला मिळायचे ते सिंह मारल्यावर मिळणारे नाव. एका घरात दोन माणसे, दोघांची गरज वेगळी, आणि योजना एकाचीच सोय बघत होती.

हे आपल्याला नवीन नाही. आमच्या खात्याचे कार्यक्रमही कित्येकदा असेच असतात. सातबारा बापाच्या नावावर म्हणून प्रशिक्षणाला बाप येतो, फवारणीचा पंप पाठीवर घेणारा पोरगा मेळाव्याला नसतोच. मग आम्ही म्हणतो, शेतकरी ऐकत नाहीत.

पाच जणांपासून सुरुवात

ही गोष्ट एका बाईने हेरली. लीला हज्जा त्यांचे नाव, घराणे इजिप्तचे. लहानपणी इजिप्तला गेल्या की रात्री गच्चीवर झोपून सिंहाची डरकाळी ऐकू येईल म्हणून वाट बघायच्या. शेवटी वडिलांनी सांगितले, येथले सिंह केव्हाच संपले. पुढे त्या संशोधनासाठी केनियात गेल्या आणि वर्षभर मसाई वस्तीत राहिल्या. मसाई सिंह का मारतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता. फॉर्म भरून घेऊन दुसऱ्या दिवशी त्या परत निघाल्या नाहीत, हे आमच्यासारख्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

राहता राहता त्यांना दिसले की, सिंहाची सगळ्यात जास्त माहिती मोरानलाच आहे. पाऊल कोणाचे, नराचे की मादीचे, किती वेळापूर्वीचे, पाण्याला कोठे जाईल, हे तो जमिनीकडे बघून सांगतो. मग हीच विद्या राखणीच्या कामी का लावू नये? २००७ साली लीला हज्जा आणि त्यांच्या सहकारी स्टेफनी डोलरेन्री यांनी म्बिरिकानीमध्ये पाच मोरान पगारावर नेमले आणि 'लायन गार्डियन्स', म्हणजे सिंहरक्षक, या नावाने काम सुरू झाले. पुढे ही संख्या चाळीसच्या वर गेली. त्यात काही जण असे होते की, ज्यांनी पूर्वी स्वतः सिंह मारले होते. असा माणूस मुद्दाम घेतला, कारण वस्तीत त्याच्या शब्दाला वजन असते. सिंह मारलेला माणूस जेव्हा म्हणतो की आता मारू नका, तेव्हा त्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

बऱ्याच जणांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. त्यांना लिहा-वाचायला शिकवले, नोंदवहीत तक्ता भरायला शिकवले, जीपीएस यंत्र हातात दिले. काही सिंहांच्या गळ्यात रेडिओ पट्टे आहेत, त्यांचा आवाज अँटेना धरून कसा ऐकायचा हेही शिकवले. मात्र मूळ विद्या त्यांचीच राहिली.

रक्षक दिवसभर करतो काय?

हे नीट बघितले पाहिजे, कारण खरी गोम येथे आहे. प्रत्येकाला त्याच्याच वस्तीभोवतालचा टापू नेमून दिलेला असतो. सकाळी उठून तो पायी निघतो आणि पावले बघतो. सिंह कोणत्या अंगाला आहे हे कळले की, गुराख्यांना सांगतो, "आज तिकडे गुरे नेऊ नका, या बाजूला न्या." नुकसान व्हायच्या आधी खबर मिळते. आपल्याकडे खबर नुकसान झाल्यावर वर जाते. येथे ती नुकसानीच्या आधी खाली येते.

दुसरे काम, कोणाचा बोमा मोडका असेल तर मालकाबरोबर उभे राहून तो दुरुस्त करून घेणे. काट्यांच्या कुंपणाला भोक राहिले की गुरे बुजतात, कुंपण तोडून बाहेर पळतात आणि बाहेर सिंहाला सापडतात. आपल्या गोठ्याला दार नाही, फक्त ताडपत्री आहे, तर दोष एकट्या बिबट्याला देऊन चालणार नाही. हे तेथे त्यांचाच माणूस सांगतो, म्हणून ते ऐकले जाते.

तिसरे काम मला फार महत्त्वाचे वाटले. संध्याकाळी एखादी गाय, वासरू, शेळ्या रानात चुकल्या तर रक्षक त्या हुडकून आणतो. चुकलेले जनावर रात्री रानात राहिले तर सिंहाच्या तोंडी जाणार, आणि दुसऱ्या दिवशी भाले निघणार. म्हणून ते आधीच परत आणायचे. कधी गुरे वळणारे पोरच वाट चुकते, तेव्हा त्याच्या शोधाला हाच माणूस जातो. ज्याने माझे पोर रात्री सुखरूप घरी आणले, त्याने उद्या हात धरून सांगितले की सिंह मारू नकोस, तर मला ऐकावेच लागेल.

आणि चौथे काम, शिकारीची टोळी निघाली की तिच्या आडवे जाणे. गाय मेलेली आहे, रक्त तापलेले आहे, पंचवीस-तीस तरुण भाले घेऊन निघालेत, अशा वेळी मधे उभे राहून बोलायचे. हे काम जिवावरचे आहे. बाहेरून आलेला गणवेषातला शिपाई तेथे उभा राहिला तर भांडण वाढेल. त्यांच्याच वयाचा, त्यांच्याबरोबर वाढलेला मोरान उभा राहतो तेव्हा निदान ऐकून घेतात.

एक गंमतीची आणि विचार करण्याजोगी गोष्ट सांगतो. पूर्वी सिंह मारणाऱ्या मोरानला नवे नाव मिळायचे. आता रक्षक आपल्या टापूतल्या सिंहाला नाव ठेवतो. तो सिंह मग नुसता सिंह राहत नाही, अमक्याचा सिंह होतो. कोणी त्याच्यावर भाला उगारला तर त्या रक्षकाच्या मानाचा प्रश्न येतो. नावाचा मान होता तेथेच राहिला, फक्त कामाची दिशा फिरली.

आकडे काय सांगतात

मी खात्याचा माणूस, आकड्याशिवाय बोलणे बरे नाही. भरपाई आणि रक्षक या दोन्ही योजनांची तुलना करणारा अभ्यास २०१४ मध्ये 'कॉन्झर्वेशन बायॉलॉजी' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लीला हज्जा स्वतः त्या अभ्यासात होत्या, हेही सांगितले पाहिजे. भरपाईमुळे सिंह मारण्यात ८७ ते ९१ टक्के घट दिसली, आणि रक्षक असलेल्या ठिकाणी ९९ टक्के. अंबोसेलीच्या त्या टापूत पुढे सिंहांची संख्या वाढली. देशभरात २०२१ साली जी वन्यप्राण्यांची गणना झाली, तीत सिंह २,५८९ भरले. सगळे श्रेय या योजनेचे नाही, पण २००९ चा इशारा आठवला तर हा आकडा समाधानाचा आहे.

मानाची भूक भागवायला आणखी एक उपाय तेथे निघाला. मसाई वडीलधाऱ्यांच्या संमतीने २०१२ पासून दर दोन वर्षांनी 'मसाई ऑलिंपिक' भरते. भालाफेक, सोटा नेमाने फेकणे, उंच उडी, धावणे, असे खेळ. त्याच २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरची शर्यत जागतिक विक्रमाने जिंकणारा डेव्हिड रुडिशा हा मसाईच, तोही या खेळांच्या पाठीशी उभा राहिला. भालाफेकीत पहिला आला तरी गावात नाव होते, त्यासाठी सिंहाचे रक्त सांडावे लागत नाही, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे कुस्तीच्या फडाला जी किंमत आहे ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

शंका घेणारे काय म्हणतात

आता उलट बाजूही मांडली पाहिजे. एकतर्फी लिहिणे हे योजनेच्या जाहिरातीसारखे होईल.

पहिली शंका अशी की, हा पैसा परदेशी देणगीदारांचा आहे. उद्या तो आटला तर? शंका रास्त आहे. पगार थांबला की राखण थांबेल आणि भाले पुन्हा निघतील. म्हणून अशा कामाला सरकारी तिजोरीचा आणि गावाच्या उत्पन्नाचा आधार हवा. सिंह बघायला परदेशातून लोक येतात, हॉटेले चालतात, त्यातले किती पैसे गुराख्याच्या हातात पडतात, हा प्रश्न केनियातही विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. २०२३ च्या मे महिन्यात अंबोसेली भागात एका आठवड्यात दहा सिंह मारले गेले. त्यात लूनकिटो नावाचा एकोणीस वर्षांचा म्हातारा नर होता. रानातला सिंह एवढा जगणे दुर्मीळ. भुकेने तो एका बोम्यात शिरला आणि भाल्यांनी मारला गेला. त्यानंतर तीन-चार दिवसांतच सहा सिंह एकदम मारले. त्यांनी ११ शेळ्या आणि एक कुत्रा मारला होता. आणि हे घडले कोठे? म्बिरिकानीत, जेथे २००७ साली पहिले पाच रक्षक नेमले तेथेच.

मग योजना फसली का? मला तसे वाटत नाही, पण तिची मर्यादा मात्र उघडी पडली. त्याआधी मोठा दुष्काळ होऊन गेला होता. दुष्काळात रानातली जनावरे मरून पडतात, अशक्त होतात, सिंहाला आयते मिळते. पाऊस पडला की उरलेली रानजनावरे धडधाकट होतात, हाती लागत नाहीत, आणि सिंह गोठ्याकडे वळतो. त्याच वेळी गुराख्याची अर्धी गुरे दुष्काळात गेलेली असतात, उरलेली एकेक शेळी त्याला लाखमोलाची असते. अशा वेळी अकरा शेळ्या म्हणजे घर बुडाल्यासारखे. त्या रात्री त्यांनी भाला उचलला, तर त्यांना रानटी म्हणायचा अधिकार शहरात बसलेल्यांना नाही. दुष्काळात माणसाला आणि जनावराला दोघांनाही आधार लागतो, तो नसेल तर एकटा रक्षक काय काय थोपवणार?

तिसरी शंका जमिनीची. अंबोसेलीच्या भोवतालची सामाईक कुरणे वाटून वैयक्तिक मालकीची होत चालली आहेत. किमाना भागात पाणी आहे तेथे टोमॅटो-कांद्याची शेती उभी राहिली, कुंपणे आली. तुकडा पडला की गुरे अडतात आणि सिंहही अडतो. ही अडचण कोणताही रक्षक सोडवू शकणार नाही.

चौथी गोष्ट बायकांची. मोरान हे पुरुषच, म्हणून ही नोकरीही पुरुषांनाच मिळत होती. त्याच अंबोसेलीत ओल्गुलुलुई येथे २०१९ मध्ये आठ मसाई तरुणींचे 'टीम लायनेस' हे गस्त पथक सुरू झाले. पाणी आणायला, सरपणाला रानात बायकाच जातात, तेव्हा रानातली खबरही त्यांनाच आधी लागते. हे उशिरा का होईना सुचले.

विस्तार अधिकाऱ्याच्या नजरेतून

माझ्या मते या सगळ्याचे सार असे. ज्याचे नुकसान होते, ज्याच्या हातात शस्त्र आहे आणि ज्याच्याजवळ माहिती आहे, तो माणूस एकच आहे. आपण त्याला एकदा लाभार्थी म्हणतो, एकदा आरोपी म्हणतो. पगारी जाणकार असे मात्र कधी म्हणत नाही. मसाई मुलखात ते म्हटले गेले.

आमच्या खात्यातली जुनी मंडळी प्रशिक्षण व भेट योजनेच्या गोष्टी सांगतात. गावोगाव संपर्क शेतकरी निवडायचे, त्यांना शिकवायचे, ते पुढे दहा जणांना सांगणार. कल्पना चांगली होती. पण संपर्क शेतकऱ्याला ना मोबदला होता ना अधिकार, आणि ज्ञान वरून खाली येत होते. सिंहरक्षकाकडे ज्ञान आधीच होते, त्याला वेतन दिले आणि वही दिली. एवढाच फरक, पण फार मोठा फरक. पाऊलवाटेवरचे पाऊल ओळखणाऱ्याला आपण अडाणी समजतो आणि मोजपट्टी घेऊन आलेल्याला साहेब म्हणतो. हे मी स्वतः साहेब असून लिहितो आहे.

मसाईंची रीत जशीच्या तशी आपल्याकडे आणा, असे माझे म्हणणे नाही. आपला बिबट्या उसात दडतो, कोणाला दिसत नाही. आपल्याकडे भाल्याची परंपरा नाही. बिबट्याने लहान लेकरू उचलले त्या घरी जाऊन सहजीवनाचे व्याख्यान देण्याची तर माझी छाती नाही. पण राखणीला माणूस नेमावा, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. गावगाड्यात जागल्या होता, त्याला गावाकडून धान्य मिळे. गुजरातेत गीरच्या आसपास वनखात्याने गावकऱ्यांतूनच 'वन्यप्राणी मित्र' नेमले. मध्य प्रदेशात पन्ना येथे एकेकाळी शिकारी ठरवले गेलेले पारधी तरुण आता पाहुण्यांना रानवाट दाखवून पैसे मिळवतात. चंद्रपूर भागात गावातल्या तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दले वाघ गावाजवळ आला की लोकांना आवरतात. म्हणजे वाट आहे, फक्त ती आपल्या उसाच्या पट्ट्यापर्यंत नीट पोचलेली नाही.

ग्रामपंचायतींनी आणि वनखात्याने मिळून एवढे करून पाहावे. ज्या गावात वर्षाकाठी चार-सहा जनावरे जातात, तेथे गावातलेच दोन जाणते माणूस, त्यात एक बाई, दरमहा मानधनावर नेमावेत. मेंढपाळ, उसतोडीला रात्री-बेरात्री फडात जाणारे, रानाची माहिती असणारे असावेत. दहावी पास ही अट घालू नये. पहाटे पाऊल बघून कोणत्या फडाकडे जाऊ नये हे त्यांनी लाऊडस्पीकरवर सांगावे. उघडे गोठे मोजून, ज्याला दार नाही त्याला दार बसवायला मदत करावी. तोडणी सुरू होण्याआधी फड बघावा. चुकलेली शेळी रात्रीच शोधावी. आणि जनावर गेलेच तर पंचनाम्याच्या कागदासाठी मालकाला तीन हेलपाटे घालायला न लावता, यांनीच कागद पुरे करून द्यावेत. भरपाई आणि राखण ही एका बैलगाडीची दोन चाके आहेत. आपण इतकी वर्षे एकाच चाकावर गाडी ओढतो आहोत.

खर्चाचे विचाराल तर, पिंजरे लावणे, बिबट्या पकडून दुसरीकडे नेणे, भरपाई वाटणे यावर आजही पैसे जातातच. त्यातला काही भाग नुकसानीच्या आधी खर्च झाला तर बिघडले कोठे?

तात्यांकडे महिनाभराने पुन्हा गेलो होतो. औषध त्यांनी टाकले नव्हते. गोठ्याला जुन्या पत्र्याचे दार बसवले होते, त्यासाठी मी आणि पोलीस पाटलांचा मुलगा दिवसभर राबलो. भरपाई अजून यायची होती. शेजारच्या वस्तीवरचा एक पोरगा आता रोज सकाळी बांधावरची पावले बघून दोन-चार घरांना फोन करतो. मेंढरे राखतो, शाळा सातवीत सोडलेली. त्याला कोणी नेमलेले नाही आणि कोणी काही देत नाही.

तात्या म्हणाले, "हे पोरगं फुकट करतंय तवर ठीक हाय साहेब. पण त्यालाबी पोट हाय." या एका वाक्यावर ग्रामसभेत चर्चा व्हावी, एवढीच विनंती.

(लेखक पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहेत.)